सात नंबरचा बिल्ला

पंखे बंद, फ्रिज बंद, एसीचा प्लग भिंतीतून उपसून काढलेला, मेन स्विचचा दांडा स्वतःच्या हाताने खाली ओढलेला. आणि तरीही जिन्याखालच्या पेटीत सात नंबरच्या मीटरवरचा लाल ठिपका काटासाहेबांना डोळा मारत होता. एकदाच मारला असता तर त्यांनी सोडून दिलं असतं. उरलीसुरली वीज वायरीत रेंगाळत असेल, असं काहीतरी स्वतःला पटवून ते वर चहा प्यायला गेले असते. पण ठिपका थांबायला तयार नव्हता. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आठला वीज जायची होती, म्हणजे कागदावर आठला. कधी ती पावणेआठलाच जायची आणि यायची मात्र कागद बघून नव्हे. त्यांनी टॉर्च बगलेत धरला, मनगट वळवलं आणि घड्याळावर मोजलं. मिनिटाला अकरा. मग काही क्षण शांत. मग एकदम घाई सुटल्यासारखे सहा-सात, पुन्हा शांत. कुणीतरी पायाने दाबतंय आणि सोडतंय तसं. पेटीत धुळीचा, पालीचा आणि कधीतरी जळलेल्या रबराचा वास होता. काटासाहेबांना उगाचच वाटलं, की हा वास आपल्या घराचा आहे आणि आपल्याला तो आजवर कुणी सांगितला नाही.

नाव त्यांचं वेगळंच होतं, पण ते आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. चौतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली, दुकानादुकानांत जाऊन तराजूचे काटे बघितले, खोट्या वजनांच्या गोण्या भरून जप्त केल्या, म्हणून गल्लीने त्यांना काटासाहेब केलं. निवृत्त झाल्यावर माणसाचा हुद्दा जातो. संशय मागे राहतो, त्याला कुणी सेवामुक्त करत नाही. दूधवाल्याने माप ओतलं की यांची नजर मापाच्या बुडाकडे. मुलाने परगावाहून फोन करून "बाबा, तब्येत कशी आहे?" विचारलं की हे मनात टिपून ठेवायचे की गेल्या वेळी अकरा मिनिटं बोलला होता, आज सात. आणि विजेवर तर त्यांचा राग जुना होता. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट शिकवली होती, काट्यावर डोळा ठेवा. आणि इथे असा दुकानदार भेटला होता की ज्याचा माल दिसत नाही, काटा त्याचा, वजनं त्याची, भाव त्याने ठरवायचा, दुकान मनाला येईल तेव्हा बंद करायचं आणि बंद दुकानाचंही भाडं गिऱ्हाइकाकडून घ्यायचं. शंभर युनिटांपर्यंत एक दर, त्यावर एक पाऊल टाकलं की जवळजवळ दुप्पट. दिवसाचे चार तास अंधार आणि बिल पूर्ण दिवसाचं. समोरच्या रस्त्यावर गाड्या विकणाऱ्यांचं काचेचं दालन होतं, तिथे रिकाम्या गाड्यांवर भर दुपारी पन्नास दिवे जळायचे, ते कधी गेलेले कुणी पाहिले नव्हते.

उन्हाळा लागताना सगळ्या गल्लीने वीज कार्यालयावर मोर्चा नेला तेव्हा निवेदन काटासाहेबांनीच लिहिलं होतं, स्वच्छ टपोऱ्या अक्षरात, अकरा मुद्द्यांचं. आतला अधिकारी थंडगार खोलीत बसून म्हणाला, "वापर वाढला की टप्पा बदलतो, टप्पा बदलला की दर बदलतो, यात आमच्या हातात काय आहे?" तेव्हा मागून तळमजल्यावरची शिवणबाई पुढे आली होती. कपडे शिवून पोट भरणारी, पंचेचाळिशीची, एकटी बाई; एरवी सुई तोंडात धरून बोलणारी, म्हणजे न बोलणारीच. तिने बिलांचा गठ्ठा टेबलावर आपटला. बिलं तिने एका जाड दोऱ्यात टाके घालून ओवली होती. "वापर वाढला म्हणता?" ती म्हणाली, "मी पंखा बंद करून दारात बसून शिवते. रात्रीचा दिवा लावत नाही. तरी सहाशेचे बावीसशे कसे झाले? कोण वापरतंय माझी वीज, तुम्ही?" लोक हसले, टाळ्या वाजवल्या. अधिकाऱ्याने गठ्ठा एका बोटाने मागे सरकवला. परत येताना काटासाहेब तिच्या बरोबरीने चालत होते, आणि त्यांनी तिला मोठ्या मायेने एक सल्ला दिला होता: "बाई, भांडावं जरूर. पण वापर मोजून केला की बिल येत नाही. माझंच बघा ना. दर वाढले, पण माझं बिल निम्म्यावर आलंय. खोलीतून उठलो की बटण बंद. शिस्त."

तो सल्ला या सकाळी त्यांना आठवला नाही. सकाळी त्यांना फक्त एवढंच दिसलं, की आपल्या मीटरमधून कुणीतरी पितंय.

मग पुढचे काही दिवस त्यांनी उरलेल्या सात दारांकडे पाळीपाळीने पाहिलं. इमारतीत आठच घरं, दोन-दोन एका मजल्यावर, त्यातलं सातवं त्यांचं. शेजारचा आठ नंबरवाला औषधं विकत फिरणारा, त्याच्याकडे दोन फ्रिज कशाला? पाचमधले नवरा-बायको दोघंही नोकरीवर, मग दिवसा खिडकीत उजेड कुणाचा? जिन्यात भेटून कुणी हसलं की काटासाहेबांना त्या हसण्यात काही ग्रॅम जास्त वाटायचे. ते रोज सात वाजता खाली उतरत, मेन बंद करून ठिपके मोजत, वहीत लिहीत. "अहो, रोज सकाळी घर मारून काय बघता?" बायको गुडघ्यांना तेल चोळत विचारायची. "हिशेब," ते म्हणायचे. "कसला हिशेब? बिल तर कमीच येतंय आपलं. मुलाने एसी बसवला तेव्हा तुम्ही महिनाभर तोंड फुगवून होतात, आता बिल कुठे वाढलं? मी तर म्हणते दुपारचाही लावत जा." हे खरं होतं. एसी आला त्या महिन्यातही बिल वाढलं नव्हतं. एसीच्या पुढ्यात पाच चांदण्यांचं चिटोरं चिकटवलेलं होतं, वीज वाचवणारा म्हणून. आणि आयुष्यभर कुठल्याही दुकानाच्या पाटीवर विश्वास न ठेवलेल्या काटासाहेबांनी त्या चिटोऱ्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला होता. कंपनी चांगली आहे, असं ते चारचौघांत म्हणायचेसुद्धा.

चौथ्या दिवशी चोर सापडला. ते पेटीपुढे उकिडवे बसले होते, ठिपका शांत होता, आणि भिंतीपलीकडून शिवणयंत्राची मोटर घर्र करून सुरू झाली. ठिपका लगेच धावला. मोटर थांबली, ठिपका थांबला. पुन्हा घर्र, पुन्हा ठिपके. जणू त्या दोघांचं आधीच बोलणं झालं होतं. काटासाहेबांच्या पाठीतून एक गार रेघ वर गेली, तीत राग होता आणि बराचसा आनंदही होता. पूर्वी पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक बोटाला लागलं की अशीच रेघ जायची. म्हणजे ही! बिलांना टाके घालून मोर्च्यात आपटणारी! वर आपलं बिल वाढतं म्हणून रडते, आणि आतून दुसऱ्याच्या वायरीला वायर जोडते. वरची आरडाओरड म्हणजे खालच्या चोरीवरचं पांघरूण, असे दुकानदार त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. त्याच दुपारी त्यांनी वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकाला पत्र लिहिलं. सही केली नाही. सहीच्या जागी लिहिलं, एक जागरूक ग्राहक. पत्र टाकून येताना शिवणबाई दारात काज करत बसली होती. "काका, ऊन किती आहे बाहेर, टोपी तरी घालायची," ती म्हणाली. काटासाहेबांना वाटलं, हिला कळलंय.

आठव्या दिवशी, बुधवारी, त्यांच्या डोक्यात तराजू आला. विशेष काही घडलं नव्हतं. दाढी करताना आरशात डावा गाल उजवीकडे दिसला आणि त्यांना नोकरीतला पहिला साहेब आठवला. त्या साहेबाने शिकवलं होतं, की तराजू बरोबर दाखवतोय असं वाटलं तरी लिहू नका. पारडी आणि माल अदलाबदल करा, डावीकडचं उजवीकडे टाका आणि मग बघा. दांडी एका बाजूला लांब असेल तर तेव्हा कळतं. एकाच बाजूने केलेली तपासणी म्हणजे तपासणी नव्हे, नुसतं बघणं. काटासाहेबांनी आठ दिवस एकाच पारड्याकडे बघितलं होतं. साबण कानाशी तसाच ठेवून ते बाहेर आले, मेन चालू केला, एसी लावला, गीझर लावला, इस्त्री उलटी करून तापत ठेवली. "अहो, वेड लागलं का?" बायको म्हणाली. ते जिना उतरले. पेटी उघडली. आपल्या सात नंबरकडे बघायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं आणि खालच्या रांगेतल्या दोन नंबरच्या मीटरवर टॉर्च मारला. दोन नंबर म्हणजे शिवणबाई.

ठिपका ठिपका राहिला नव्हता. त्याची लाल रेघ झाली होती.

साडेसात वाजले होते. भिंतीपलीकडे मशीन बंद होतं. ती बहुधा चहा पीत होती. सात नंबर निवांत होता, झोपलेल्या मांजरासारखा. काटासाहेब वर गेले, गीझर बंद केला, खाली आले. रेघ तुटून ठिपके झाले होते. वर गेले, सगळं बंद केलं, खाली आले. दोन नंबर मेल्यासारखा शांत. चार वेळा जिना चढ-उतर केल्यावर छातीत धाप भरली आणि ते शेवटच्या पायरीवर बसले. मीटर दोन्ही बरोबर होते. कंपनीचा काटा बरोबर होता, चोर कुणीच नव्हतं. फक्त शिवणबाईच्या मीटरवर त्यांचं घर चालत होतं आणि त्यांच्या मीटरवर तिचं. चौदा महिने. त्यांची नजर मीटरवरून वायरींकडे गेली. प्रत्येक वायरीच्या जोडीला तारेने बांधलेला एकेक पितळी बिल्ला होता, त्यावर ठशाने खोल उठवलेला आकडा. सुबक काम. इतकं सुबक, की कंत्राटदाराची माणसं असं करणंच शक्य नव्हतं.

केलंच नव्हतं त्यांनी. चौदा महिन्यांपूर्वी नवे मीटर बसवायला दोघं आले तेव्हा त्यांनी आठ घरांच्या वायरींना कागदाच्या चिठ्ठ्या रबराने गुंडाळल्या होत्या. काटासाहेब वरून उतरून आले आणि म्हणाले, कागद किती दिवस टिकणार? उद्या कुणाची वायर कुणाला लागली तर? तुमच्यावर माझा भरवसा नाही. घरी त्यांच्याकडे खात्यातला आकड्यांच्या ठशांचा संच होता. निवृत्त होताना जमा करायचा राहून गेला होता, म्हणजे त्यांनी राहू दिला होता, वजनावर मोहोर उठवायची सवय सुटेना म्हणून. त्यांनी बिल्ले ठोकले, एकेक चिठ्ठी सोडत एकेक बिल्ला बांधत गेले. सहा झाले. राहिल्या दोन जोड्या. दोन्ही चिठ्ठ्या सोडून डाव्या तळव्यात घेतल्या, आणि वीज गेली. जिन्याखाली काळोख दाटला. आठही दारं उघडली आणि रोजची हाक जिन्यातून वर-खाली फिरली, "तुमच्याकडे आहे का हो?" "नाही हो, तुमच्याकडे?" आणि सगळीकडेच नाही हे कळल्यावर सुटणारा तो मोठा समाधानाचा श्वास. एक मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, थांबा, उजेड येऊ दे." काटासाहेब हसले होते. चौतीस वर्षं हाताने वजन ओळखतोय, मला उजेड कशाला? आणि अंधारात त्यांनी दोन बिल्ले दोन जोड्यांना बांधले होते. उजेड आल्यावर मिस्त्रींनी त्या बिल्ल्यांचे आकडे बघूनच मीटर जोडले होते. त्यातल्या तारेच्या पिळाचा स्पर्श आत्ता त्यांच्या बोटांना आठवला, घट्ट, नीटनेटका, आपल्यावर खूश.

आठला वीज गेली. ते वर जाऊन खिडकीशी वही घेऊन बसले. घाम मानेवरून उतरत होता आणि आकडे मात्र थंडपणे कागदावर उतरत होते. तिचं जुनं बिल, नवं बिल, फरक, गुणिले चौदा. उशिरा भरल्याचा दंड. मीटर तपासून घ्यायची फी, जी तिने थंडीच्या दिवसांत भरली होती, आणि मीटर निर्दोष निघाला म्हणून परत मिळाली नव्हती. त्याच दिवसांत ती त्यांना जिन्यात म्हणाली होती, "काका, मी सगळं बंद करून बघितलं हो, तरी तो लाल ठिपका पळतो." ते म्हणाले होते, "फ्रिज राहिला असेल बाई." "फ्रिज नाही माझ्याकडे." "मग काहीतरी राहिलं असेल." आठ दिवसांपूर्वी जे त्यांना चोरीचा पुरावा वाटलं होतं तेच तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा बायकी गोंधळ वाटला होता. आणि ते दुसरं मशीन. तिच्याकडे दोन मशीनं होती. पावसाळ्याआधी एक टेम्पोत चढवताना त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं आणि बायकोला म्हणाले होते, धंदा बसला वाटतं हिचा. त्याच महिन्यात त्यांचं बिल आणखी दीडशेने उतरलं होतं. वहीत त्या आकड्यापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: शिस्तीचा परिणाम. ती अंधारात बसत गेली, तो अंधार यांच्या वहीत बचत म्हणून जमा होत गेला.

एकूण बेरीज चोवीस हजारांच्या वर गेली. काटासाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली, मग उचलली. पहिले दोन महिने थंडीचे होते, तेव्हा एसी नव्हता, तेवढे वगळायला हरकत नाही. दंड तिच्या उशिराचा, तो आपल्या माथी कसा? मशीन विकायला आपण सांगितलं नव्हतं. बिल्ल्यांचं पितळ आपलं, मेहनत आपली. आकडा सतरा हजार तीनशे चाळीसवर आला आणि तिथे त्यांना एक तेलवाला भेटला. विशीतली गोष्ट. नळ असलेल्या पिंपातून तेल विकणारा म्हातारा, त्याचं लिटरचं माप तपासलं तर पन्नास मिलिलिटर मोठं. बिचारा वर्षानुवर्षं स्वतःलाच बुडवत होता. रांगेत पंधरा गिऱ्हाइकं होती, सगळी रोजची, सगळ्यांना ठाऊक, सगळी गप्प. काटासाहेबांनी माप जप्त केलं तशी रांग चिडली, साहेब, गरिबाच्या पोटावर कशाला पाय देता? तेव्हा तरुण काटासाहेब पिंपाच्या चौथऱ्यावर चढून म्हणाले होते, "पाच ग्रॅम कमी मिळालं की खात्यात पत्र लिहिता. जास्त मिळतं तेव्हा तुमचे डोळे कुठे जातात?" घरी येऊन त्यांनी नव्या बायकोला हे वाक्य दोनदा ऐकवलं होतं. आता खिडकीशी बसून त्यांना त्या रांगेतला एकेक चेहरा आठवायचा होता आणि एकही आठवत नव्हता. फक्त सगळ्यांच्या हातातल्या बाटल्या आठवत होत्या, नीट धुतलेल्या.

एक मार्ग होता. दुपारी तीनला वीज जाईल, लोक झोपतील. आपल्याच हाताने बिल्ले बदलायचे, ओळखीच्या मिस्त्रीकडून वायरी बदलून घ्यायच्या, त्याला शंभर-दोनशे जास्त द्यायचे. पुढच्या महिन्यापासून तिचं बिल सहाशेवर येईल, ती निवेदनाचा परिणाम समजेल, कदाचित आपल्याला लाडू आणून देईल. कुणाचं नुकसान? भरारी पथक आलं तरी त्यांना काय सापडणार, सगळं जागच्या जागी. त्यांनी हा मार्ग मनात तीनदा चालून पाहिला आणि तिन्ही वेळा तो नीट पोचला. "काय झालंय?" बायकोने विचारलं. "चेहरा का असा?" "काही नाही. उकडतंय." ती त्यांच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने एकदाही त्यांचा तराजू तपासला नव्हता, आणि आज नेमकं तिला तपासावंसं वाटतंय की काय, अशी शंका त्यांना चाटून गेली. दहाला वीज आली. बायकोने एसी लावला. गार हवेची झुळूक पायांवर आली आणि काटासाहेबांनी पाय खुर्चीवर घेतले.

साडेअकराला खाली चपला फरफटल्या आणि कुणीतरी चढ्या आवाजात दोन नंबर विचारला. ते उतरले तेव्हा पेटी उघडी होती. कंपनीचा वायरमन, जाडसर, कपाळावर चष्मा, हातात कागद. शिवणबाई स्वतःच्या दारात उभी होती, खांद्यावर टेप, हातात कुणाची तरी अर्धी बाही.

"दोन महिन्यांची थकबाकी आहे बाई. मला तोडायला सांगितलंय. माझ्यावर रागावू नका, मी नोकर माणूस."

"रागावत नाही हो. फक्त पाच मिनिटं थांबा, ही बाही पुरी करते. दुपारी गिऱ्हाईक येणार आहे. हे गेलं तर ते पैसेही गेले, मग तुमचे कुठून भरू?"

"करा लवकर," वायरमन म्हणाला, पण पाच मिनिटं थांबायची त्याला सवय नव्हती. ती आत वळली आणि त्याने दोन नंबरचा फ्यूज ओढून हातात घेतला.

काटासाहेब पायरीवर होते. पुढे काय होणार हे त्या इमारतीत फक्त त्यांना माहीत होतं, आणि ते झालं. भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं. घर्र. थांबून, पुन्हा घर्र. वायरमनने हातातल्या फ्यूजकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. त्याच वेळी वरून बायकोची हाक आली, "अहो, गेली वाटतं! खाली आहे का?" आणि आतून, मशीन न थांबवता, जिन्यातल्या इतक्या वर्षांच्या सवयीने शिवणबाई ओरडली, "आहे हो काकू! माझ्याकडे आहे!"

"आहे ना?" वायरमन सावकाश म्हणाला. "असणारच. या बाहेर, बाई. फ्यूज माझ्या हातात आणि वीज तुमच्या घरात. मला वाटलंच होतं. तुमच्याच इमारतीतून तक्रार आलीय, चोरीची लाइन आहे म्हणून. ही बघा झेरॉक्स. आता थकबाकीचं राहू द्या, आता केस होईल."

ती दारात आली. बाही अजून हातात होती. तिला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ती वायरमनकडे नाही, काटासाहेबांकडे वळली. गल्लीत लिहिण्यावाचण्याच्या कामाला सगळे त्यांच्याकडेच वळायचे. "काका, सांगा ना यांना. मी कशाला चोरी करीन? चोरी करणाऱ्याचं बिल बावीसशे येतं का? कुणी लिहिलं असेल हो हे?"

गप्प बसायला काहीच करावं लागत नव्हतं, हे काटासाहेबांच्या ध्यानात आलं. नुसतं उभं राहिलं तरी पुरे होतं. तेलाच्या रांगेतही कुणी काही केलं नव्हतं.

"चोरी नाही ती," ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला. "फ्यूज लावा. वायरींची अदलाबदल झालीय. तिच्या मीटरवर माझं घर आहे, माझ्यावर तिचं. वर बघा, माझी गेलीय. ते बिल्ले बघा. ते तुमच्या माणसांचे नाहीत. ठसा माझा आहे. अंधारात बांधले मी."

वायरमनने बिल्ला अंगठ्याने पुसला, शिट्टी वाजवायला ओठ केले आणि वाजवली नाही. "असं? मग लिहून द्या साहेब. तोंडी मला चालत नाही, वर विचारतील. आहे का कागद?"

वही खिशात होती. तिची मागची बरीच पानं कोरी होती. काटासाहेबांचा हात खिशापर्यंत गेला, वहीच्या कडेला लागला, आणि तिथून परत आला. "तुमच्या हातातली ती झेरॉक्स द्या," ते म्हणाले. "मागची बाजू कोरी आहे तिची."

ते पेटीच्या झाकणावर कागद ठेवून लिहू लागले. स्वच्छ टपोरं अक्षर. वेडंवाकडं काढायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. शिवणबाई शेजारी उभी होती. तिच्या श्वासाला खडूचा वास होता.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला हे कधी कळलं?"

आत्ताच, हा शब्द त्यांच्या जिभेवर येऊन थांबला होता, चांगला हलका, कुणाला ओझं न वाटणारा. "सकाळी," ते म्हणाले. मग पेन थांबवून म्हणाले, "साडेसातला."

तिने आत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी खाली पूर्ण नाव लिहिलं, पेन्शनच्या कागदावर असतं ते, आणि सही केली. वायरमनने हात पुढे केला, पण कागद आधी तिने घेतला. वाचला. मग उलटला. मागचं वाचलं, सहीच्या जागेपर्यंत. पुन्हा उलटला. नवं कापड हातात आलं की ती असंच करायची, सुलट कुठली आणि उलट कुठली हे बोटांनी चाचपून बघायची, कारण एकदा कात्री लागली की मग काही करता येत नाही. तिचा अंगठा एकदा या बाजूच्या अक्षरावरून फिरला, एकदा त्या.

"हे घ्या," ती वायरमनला म्हणाली. "जपून ठेवा. दोन्ही बाजूंनी भरलाय."

वरून पुन्हा हाक आली, "अहो, ऐकू येत नाही का? खाली आहे का?" या वेळी शिवणबाईने उत्तर दिलं नाही. माप द्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक पोट आत ओढून धरतं आणि ती टेप हातात घेऊन त्याने श्वास सोडायची वाट बघते, तशी ती काटासाहेबांकडे बघत उभी राहिली. काटासाहेबांनी खिशातली वही काढली, सतरा हजार तीनशे चाळीसवर एक आडवी रेघ मारली, वरचा चोवीस हजारांचा आकडा तसाच ठेवला आणि वही तिच्या हातातल्या बाहीवर ठेवली. मग त्यांनी जिन्यात तोंड वर केलं.

"आहे," ते म्हणाले. "खाली आहे."